बेट बदललं की रंग बदलतो

जानेवारी १८५९. इंडोनेशियाच्या मोलुक्का द्वीपसमूहातलं बाचान बेट. आल्फ्रेड रसेल वॉलेस या इंग्रज निसर्ग-संग्राहकाच्या जाळ्यात अखेर ते फुलपाखरू सापडलं. मखमली काळ्या पंखांवर धगधगता नारिंगी रंग. जाळ्यातून काढून त्याने पंख उलगडले आणि त्याचं काळीज धडधडायला लागलं, रक्त डोक्यात चढलं, आता आपण चक्कर येऊन पडतो की काय असं वाटलं. उरलेला दिवसभर त्याचं डोकं ठणकत होतं. हे सगळं त्यानेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे.

वॉलेस काही हौशी नवशिका नव्हता. ॲमेझॉनच्या जंगलात चार वर्षं काढून आलेला, पूर्वेकडच्या बेटांवर पाचवं वर्ष चालू असलेला मुरलेला माणूस. आदल्याच वर्षी त्याने डार्विनला ते प्रसिद्ध टिपण धाडलं होतं, ज्यातून नैसर्गिक निवडीचा सिद्धांत जगापुढे आला. अशा माणसाला भोवळ यायची वेळ आणणारं हे फुलपाखरू बर्डविंग घराण्यातलं. शास्त्रीय नाव ऑर्निथॉप्टेरा क्रीसस.

ते सहजासहजी मिळालंही नव्हतं. बाचानवर पोचल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली ती मादी, उंचावरून निघून जाणारी. मग दोन महिने जवळजवळ काहीच नाही. शेवटी ते फुलपाखरू जवळून दिसलं ते मुसेंडाच्या एका फुललेल्या झुडपावर. सह्याद्रीत पावसाळ्यात पांढऱ्या पानांसारखी निदलं मिरवणारा भुतकेस हा याच मुसेंडाचा भाऊबंद. वॉलेस मग त्या झुडपाशी ठाण मांडून बसला. पुढे त्याने आपला एक माणूस खास याच कामावर धाडला आणि दर चांगल्या नगामागे अर्ध्या दिवसाची जादा मजुरी कबूल केली.

सोनेरी नारिंगी रंगाला शोभेल असं नाव त्याने दिलं. क्रीसस हा लिडिया देशाचा अतिश्रीमंत राजा. शेजारच्याच हालमाहेरा बेटावर हेच फुलपाखरू थोड्या वेगळ्या रूपात भेटतं, तर त्या उपजातीचं नाव ठेवलं गेलं लिडियस. राजा एका बेटावर, त्याचं राज्य पलीकडच्या बेटावर!

ट्रॉयचं राजघराणं

क्रीससचा थोरला भाऊ म्हणता येईल असं फुलपाखरू म्हणजे ऑर्निथॉप्टेरा प्रायमस. या लेखाचा खरा नायक तोच. १७५८ साली कार्ल लिनियसने त्याचं बारसं केलं. मोठ्या, डौलदार फुलपाखरांना नावं देताना लिनियसने त्यांचे दोन गट पाडले होते, एक ट्रॉयच्या वीरांचा आणि दुसरा ग्रीकांचा. त्यातलं सगळ्यात देखणं फुलपाखरू त्याने ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, बहाल केलं. निसर्गाने याहून सुंदर काही घडवलं असेल का, याची त्याला शंकाच होती. फुलपाखरू होतं ॲम्बॉन बेटावरचं. लवंगेच्या व्यापारामुळे हे बेट डचांच्या ताब्यात होतं, आणि मसाल्यांच्या त्याच वाटेने तिथले शंखशिंपले आणि फुलपाखरं युरोपच्या राजवाड्यांत पोचत होती.

इथे लिनियस एका गमतीदार ठिकाणी फसला. प्रायमसची मादी पाहून त्याने तिला वेगळीच जात समजून पँथस असं दुसरं नाव दिलं. त्याला दोष देववत नाही. नर हिरवाकंच आणि लखलखीत. मादी त्याच्यापेक्षा पुष्कळ मोठी, पण रंगाने तपकिरी, त्यावर मळकट पांढरे ठिपके. दोघांना शेजारी ठेवलं तर हे नवराबायको आहेत हे सांगूनही खरं वाटत नाही.

पुढच्या अभ्यासकांनी ट्रॉयचा गोतावळा बेटोबेटी वसवला. प्रायमची राणी हेक्युबा काई बेटांवरच्या उपजातीला मिळाली. त्याचा मुलगा एसॅकस ओबी बेटावरच्या निळसर बर्डविंगला. बाकीचे मुलगे तर आपल्या घराजवळ आहेत. महाराष्ट्रात गावोगाव दिसणारं, काळ्या पंखांवर लाल ठिपके आणि लालभडक अंग असलेलं क्रिमझन रोझ हे शास्त्रीय नावाने हेक्टर आहे. सह्याद्रीतलं रेड हेलन म्हणजे हेलेनस, आणि पॅरिस पीकॉक म्हणजे ज्याच्यापायी ट्रॉयचं युद्ध पेटलं तो पॅरिस. तिघेही प्रायमचेच पुत्र, आणि तिघांनाही नाव देणारा लिनियसच.

हिरवा, निळा आणि मधला

आता प्रायमसच्या नराकडे जरा जवळून पाहू. न्यू गिनीतली पोसायडन ही उपजात घ्या. पुढचे पंख गडद काळे, त्यांच्या वरच्या कडेने एक आणि खालच्या कडेने एक असे हिरवे पट्टे. मागचे पंख जवळजवळ पूर्ण हिरवे, कडेशी काळ्या ठिपक्यांची रांग, मधूनच सोनेरी ठिपका. पोट पिवळंधमक. छातीच्या दोन्ही अंगांना लालभडक लव. इतके रंग एकत्र येऊनही कुठे भडकपणा वाटत नाही.

आता नकाशावर बोट ठेवून पूर्वेकडे निघा. न्यू गिनी हिरवं. न्यू ब्रिटन बेट हिरवं, तिथली उपजात बोर्नेमानी. अरुंद सामुद्रधुनी ओलांडून न्यू आयर्लंडला जा, की हिरवा रंग गायब! तिथला नर निळा आहे, खोल समुद्रासारखा निळा. बूगनव्हील आणि सॉलोमन बेटांवरही तोच निळा. या उपजातीचं नाव अर्व्हिलियानस, ड्यूमाँ द्युर्व्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या सन्मानार्थ ठेवलेलं. आणि हिरव्या न्यू ब्रिटन व निळ्या न्यू आयर्लंडच्या मधोमध चिमुकली ड्यूक ऑफ यॉर्क बेटं आहेत. तिथल्या उपजातीचा रंग दोन्हींच्या मधला, निळसर हिरवा. मला तरी या सबंध गोष्टीतला सगळ्यात सुंदर तपशील हाच वाटतो. उत्क्रांती इथे पुस्तकात वाचायला लागत नाही, होडीतून जाताना दिसते.

तिकडे न्यू गिनीच्या आग्नेय टोकापलीकडे लुइझियाड द्वीपसमूहात पुन्हा एक निळी उपजात आहे, सेलेस्टिस. ॲडमिरल्टी बेटांची वेगळी, ट्रोब्रियंडकडची वेगळी, आरू बेटांची वेगळी. सगळ्या मिळून उपजाती डझनाहून जास्त.

हा रंग नुसत्या रंगद्रव्याचा नाही. पंखांवर बारीक खवले असतात आणि त्यांच्या आत अतिसूक्ष्म थर. प्रकाश त्यांवर पडला की ठरावीक रंगाचा तेवढा उजळून परत येतो. त्यावर पिवळं रंगद्रव्य गाळणीचं काम करतं आणि जांभळा-निळा भाग शोषून घेतं. दोन्ही मिळून तो दमदार हिरवा तयार होतो. थरांची रचना किंवा रंगद्रव्य थोडं बदललं की रंग निळ्याकडे किंवा नारिंगीकडे सरकतो. म्हणून एकाच घराण्यात हिरवा प्रायमस, निळा अर्व्हिलियानस आणि नारिंगी क्रीसस सुखाने नांदतात.

समुद्राची खोली आणि सोयरीक

शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या वेळी न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि आरू बेटं असा सलग भूखंड होता. आरूचं प्रायमस आजही न्यू गिनीच्या प्रायमससारखंच हिरवं आहे. बूगनव्हीलपासून सॉलोमनमधल्या इझाबेलपर्यंतची बेटंही तेव्हा जोडलेली होती, आणि तिथे आजही एकच निळी उपजात आहे. दोन बेटांमधलं पाणी उथळ असेल तर नातं जवळचं, खोल असेल तर लांबचं, हा नियम वॉलेसने प्राणी-पक्ष्यांच्या बाबतीत ओळखला होता. फुलपाखराला पंख असले तरी ते दर पिढीला समुद्र ओलांडत नाही. वाऱ्यावर भरकटून आलेली थोडीशी पाखरं एखाद्या बेटावर रुजतात, आपापसांत वाढतात, आणि हजारो वर्षांत त्यांचा रंग आपल्या वाटेने जातो.

जात म्हणायचं की उपजात?

यावर अभ्यासकांचं दीडशे वर्षं एकमत नाही. १८६५ साली मलय बेटांवरच्या फुलपाखरांवर वॉलेसने एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. स्थानिक रूप कशाला म्हणायचं, उपजात कशाला आणि जात कशाला, याची मांडणी त्यात आहे. हा प्रश्न फुलपाखरांच्या आधारे इतक्या नेटाने हाताळणारा तो पहिल्या काही जणांपैकी एक. पुढे लंडनजवळच्या ट्रिंग गावी वॉल्टर रॉथशील्ड या धनाढ्य सरदाराने साडेबावीस लाख फुलपाखरं आणि पतंग जमवले. पूर्वेकडच्या फुलपाखरांवर १८९५ मध्ये त्याने ग्रंथ लिहिला आणि तीन शब्दी उपजात-नावांचा धडाका लावला.

ऑस्ट्रेलियात हा वाद अजून जागा आहे. केर्न्स शहराच्या नावाने ओळखलं जाणारं बर्डविंग ही प्रायमसची युफोरियन नावाची उपजात म्हणायची की स्वतंत्र जात? त्याच्याही दक्षिणेचं, आकाराने लहान असलेलं रिचमंड बर्डविंग? आज बरेच जण दोघांनाही स्वतंत्र जाती मानतात, काही मानत नाहीत.

या घोळातला कळस म्हणजे ऑर्निथॉप्टेरा अलॉटी. सॉलोमन भागातलं अतिदुर्मीळ, झळाळत्या निळ्या-हिरव्या रंगाचं फुलपाखरू. १९१४ साली रॉथशील्डने त्याला नवी जात म्हणून जाहीर केलं. संग्राहक वेडे झाले. १९६६ साली पॅरिसच्या लिलावात एका नगाला ७५० पौंड मिळाले, तेव्हाचा हा विक्रमच. आणि मग लक्षात आलं की अलॉटी ही जातच नाही! निळा अर्व्हिलियानस आणि तिथलंच व्हिक्टोरिया बर्डविंग यांच्या क्वचित घडणाऱ्या संकरातून ते जन्मतं.

फुलपाखराची शिकार, बंदुकीने

हे खरं आहे. बर्डविंगच्या माद्या झाडांच्या शेंड्यांवरून उडतात, जाळं तिथवर पोचत नाही. १८५० च्या दशकात ब्रिटिश जहाजावरचा निसर्ग-अभ्यासक जॉन मॅकगिलिव्हरे याने सॉलोमन बेटांवर व्हिक्टोरिया बर्डविंगची मादी चक्क गोळी घालून पाडली. १९०६ साली रॉथशील्डचा माणूस आल्बर्ट मीक याने न्यू गिनीत त्याहूनही मोठी मादी अशीच बारीक छऱ्यांनी पाडली. तेच ते राणी अलेक्झांड्रा बर्डविंग, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. मादीने पंख पसरले की जेवणाच्या ताटाएवढी, २५ सेंटिमीटरच्याही पुढे. छऱ्यांची भोकं असलेला तो नग लंडनच्या संग्रहालयात आजही आहे.

तुलनेसाठी आपला विक्रम सांगतो. भारतातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू उत्तराखंडातल्या डीडीहाटला मोजलेली गोल्डन बर्डविंगची मादी, १९४ मिलिमीटर. त्याआधी १९३२ पासून हा मान सह्याद्रीतल्या सदर्न बर्डविंगकडे होता, १९० मिलिमीटरचा. चार मिलिमीटरने मान गेला तरी आपलं बर्डविंग डावं नाही.

अलेक्झांड्रा राणीचं दुर्दैव मात्र असं की तिचं राज्य फार छोटं. पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतातले जंगलाचे काही तुकडे, बस. १९५१ च्या जानेवारीत तिथला लॅमिंग्टन ज्वालामुखी फुटला. जवळजवळ तीन हजार माणसं गेली आणि फुलपाखराचं सुमारे २५० चौरस किलोमीटर जंगल जळून गेलं. त्यानंतर तेलताडाच्या लागवडी पसरल्या.

विषावर पोसलेली अळी

बर्डविंगची अळी मनाला येईल ते पान खात नाही. तिला ॲरिस्टोलोकिया आणि त्याच्या जवळच्या नात्यातल्या वेलीच लागतात. या वेलींच्या पानांत विषारी आम्ल असतं. इतर कीटक त्याच्या वाटेला जात नाहीत, ही अळी ते खाऊन अंगात साठवते आणि त्या जोरावर निर्धास्त होते. पक्ष्याला ती कडू लागते, आणि तिचं फुलपाखरू झाल्यावरही ते विष कामी येतं.

अळी पाहायला भेसूर आहे. काळपट अंगावर मांसल, मऊ काट्यांच्या रांगा. तिला डिवचलं की डोक्यामागून एक दुपदरी, नारिंगी शिंगासारखा अवयव भस्सकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. धोका टळला की शिंग आत. आपल्या कढीपत्त्यावरच्या किंवा लिंबाच्या झाडावरच्या अळीला ज्याने बोट लावलं आहे, त्याला हा प्रकार ठाऊक असेल. कोशात जायच्या आधी अलेक्झांड्राची अळी वेलाचं खोड गोल कुरतडते. इतकी खादाडी की पूर्ण वाढलेल्या अळ्यांपायी लहान वेल जगतच नाही. एका फुलपाखरासाठी किती जंगल लागतं, याचं उत्तर या भुकेत आहे.

ब्रिस्बेनचा घातकी वेल

रिचमंड बर्डविंग एके काळी क्वीन्सलंडमधल्या मेरीबरोपासून न्यू साउथ वेल्समधल्या ग्राफ्टनपर्यंत मुबलक होतं, ब्रिस्बेन शहरातही उडायचं. जंगलं तुटली आणि ते आटत गेलं. त्यात लोकांनी हौसेने बागांत दक्षिण अमेरिकेतला एक वेल लावला, ज्याचं फूल मोठं, चित्रविचित्र, जांभळट नक्षीचं असतं. आपल्याकडे अशाच विचित्र फुलांच्या वेलींना बदकवेल म्हणतात. हाही ॲरिस्टोलोकियाच. मादीला त्याचा वास ओळखीचा वाटतो, ती विश्वासाने पानांवर अंडी घालते. अळी बाहेर येते, पान खाते आणि मरते. विष तेच नाही, मात्रा तीच नाही. हजारो वर्षांत तिच्या पोटाने जे पचवायला शिकलं ते या परक्या वेलात नव्हतं.

उपाय साधा होता आणि तो लोकांनीच केला. १९९० च्या दशकात शाळांमधल्या मुलांनी आणि शेतकऱ्यांनी परका वेल उपटून मूळचा देशी वेल लावायला सुरुवात केली. शाळेच्या कुंपणावर बर्डविंग परत आलेली मुलांनी पाहिली. संवर्धन म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे अभयारण्य आणि वनरक्षक येतात. इथे एका वेलाने काम झालं, ही बाब मला फार मोलाची वाटते.

शेती फुलपाखरांची

पापुआ न्यू गिनीने १९६० च्या दशकातच सात बर्डविंग पकडायला बंदी घातली, त्यात संकर निघालेला अलॉटीही होता. पण बंदीने पोट भरत नाही. म्हणून १९७८ साली बुलोलो गावी सरकारी कीटक-व्यापार संस्था सुरू झाली. गावकऱ्याने काय करायचं, तर परसात अळीसाठी ॲरिस्टोलोकियाचे वेल लावायचे आणि फुलपाखरांना मधासाठी जास्वंद. पिंजरा नाही, जाळी नाही. जंगलातल्या माद्या आपणहून येतात, अंडी घालतात. काही कोश गावकरी विकायला घेतात, बाकीची फुलपाखरं उडून जंगलात जातात. जंगल तुटलं तर मादी येणार नाही, म्हणून जंगल राखणं ही गावकऱ्याची स्वतःचीच गरज होते.

वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा साइट्स करार ऑर्निथॉप्टेराच्या सगळ्या जातींना लागू आहे. परवान्याशिवाय त्यांची ने-आण करता येत नाही, आणि अलेक्झांड्राचा तर व्यापारच बंद. तरी तस्करी होते. २००७ साली अमेरिकेतल्या न्यायालयाने एका जपानी फुलपाखरू-तस्कराला २१ महिन्यांची कैद सुनावली. त्याने विकलेल्या मालात अलेक्झांड्राची जोडी होती, किंमत साडेआठ हजार डॉलर.

यातच उपजातींच्या नावांचं महत्त्व आहे. उद्या लुइझियाडमधलं निळं सेलेस्टिस नाहीसं झालं आणि कुणी म्हणालं की काळजी नको, न्यू गिनीत हिरवी प्रायमस पुष्कळ आहेत, तर ते चूक ठरेल. तो निळा पुन्हा घडायला तेच बेट, तोच समुद्र आणि तेवढीच हजारो वर्षं लागतील. यादीत फक्त प्रायमस लिहून भागत नाही, बेटाचं नाव शेजारी लिहायलाच हवं.

काचेच्या चौकटीत बसवलेलं बर्डविंग परदेशात किंवा ऑनलाइन दुकानात विकायला दिसलं, तर साइट्सचा परवाना विचारा आणि तो नसेल तर घेऊ नका. आणि अंगणात जागा असेल तर रोपवाटिकेतून बदकवेल आणण्याऐवजी आपल्या मातीतला सापसन शोधा. क्रिमझन रोझच्या आणि सदर्न बर्डविंगच्या अळ्या त्याच वेलावर वाढतात. पानं कुरतडलेली दिसली की औषध मारू नका.